माया

जांभळी नाक्यावरच्या आमच्या दुकानात
वडिलांची मापांची वही आहे.
तीत रेणुबाला कुठेच नाही.
यमुना कारखानीस आहे, खारकर आळी,
छाती तीस, कंबर बावीस, मुंढा सव्वासहा,
आणि समासात बारीक अक्षरात:
एकांकिका. राणीचं काम.
खांदे पडतात, कापूस भरणे.

मग पानोपानी तीच.
वकीलीण, वेडी, दोनदा विधवा, एकदा भिकारीण.
भिकारणीचं पोलकं नवंकोरं शिवून
वडिलांनी मोरीच्या दगडावर स्वतः घासलं.
आई त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही.

पुढची अकरा वर्षं ती वहीत नाही.
शाळेचे गणवेश आहेत, हवालदाराची बायको आहे,
कुणा नवरीची सात पोलकी, हिशेब अजून बाकी.
ती तेव्हा पडद्यावर होती,
नाव बदललेलं, चेहरा वीस फुटी.
वडील पहिल्याच खेळाला जात, पुढच्या बाकावर बसत,
घरी येऊन गोष्ट कधी सांगितली नाही.
"मुंढा चुकलाय," एवढंच म्हणत,
"रडताना बाईला श्वास घेता येईना."
पेपरात छापून आलं:
काय हे कोंडलेलं दुःख!

परत आली ती टॅक्सीतून, काळा चष्मा लावून.
भाजीवाल्यांनी रस्ता अडवला.
"दत्तोबा, आता आईच्या भूमिका."
एरवी वडील आकडे सांगत, मी लिहीत असे.
त्या दिवशी त्यांनी वही स्वतःकडे ओढली
आणि ओठही हलवले नाहीत.

तलावपाळीच्या नाट्यगृहातले शेवटचे प्रयोग
माझ्या वाट्याला आले.
हात खांद्याच्या वर जात नव्हता तिचा.
मागची हुकं काढून मी पुढे टिचबटणं लावली,
काळोखात साडी बदलायला अठरा सेकंद.
विंगेत माझं मनगट धरून उभी राहायची,
तोंडातल्या तोंडात वाक्यं,
बोटं बर्फासारखी.
तिसरी घंटा झाली की मनगट सुटायचं
आणि उजेडात जायची ती बाई
मला ओळखत नसायची.

गेल्या आठवड्यात तिची भाचेसून
घोडबंदरहून ट्रंक घेऊन आली.
"फ्लॅटमध्ये जागा नाही हो."
तळाशी राणीचं पोलकं, पार विटून
चहाच्या रंगाचं झालेलं.
बरोबर तिची मुलगी, कॉलेजच्या स्पर्धेत उतरणारी,
तिला ते हवं होतं, पण अंगाला होईना.

मी उलटं केलं.
वडील माया फार ठेवायचे,
गिऱ्हाइकं कुरकुरायची, कापड वाया जातं म्हणून.
ब्लेडनं शिवण उसवली.
आत दोन बोटं रुंद पट्टी,
डाळिंबी,
सकाळीच ताग्यातून फाडल्यासारखी.

मुलगी काही बोलली नाही.
मी वहीचं नवं पान काढलं,
नाव विचारलं, टेप घेतली.
"हात वर कर," म्हटलं,
"जेवढा जातो तेवढा."