निरंक

औशाच्या गुरुनाथ कंपाउंडरांनी चावी दिली,
तिच्यात कडीऐवजी सुतळीचा तुकडा.
म्हणाले, "ड्रायव्हरचं दार आतून उघडत नाही.
काच खाली करायची, हात बाहेर घालायचा.
सवय झाली की कळत बी नाही."
एमएच चोवीस, ओम्नी, रंग पांढरा.
म्हणजे एकेकाळी पांढरा.

मी एक लाख अठरा हजार मोजले.
साठ भिशीचे,
बाकीचे पोळ्यांचे.
हो, पोळ्यांचेच.
उद्योग भवनामागच्या खोल्यांतून
डॉक्टर व्हायला आलेली बिदरची, किनवटची, अंबाजोगाईची लेकरं,
एकेकाच्या डब्यात चार पोळ्या, दोन्ही वेळ,
सात वर्षं.
कंपाउंडर बोट जिभेला लावून मोजत होते.
नोटांना फोडणीचा वास असावा,
मधेच त्यांनी विचारलं,
"जेवून जाता का?"

त्याआधी बार्शी रोडच्या शोरूमला गेले होते, खोटं कशाला बोलू.
तिथल्या पोरानं मला मॅडम म्हटलं,
फेसाची कॉफी दिली,
नव्या गाडीत बसवलं.
सीटवरचं प्लास्टिक मांडीखाली कुरकुरलं
आणि मला वाटलं, घ्यावी.
"फक्त नऊ हजार आठशे, महिन्याला."
हे "फक्त" त्यानं इतकं हळू म्हटलं
की मला माझ्या आईची आठवण झाली.
"किती महिने?"
"साठच."

साठ.
दिवाळीत पोरं गावाकडं जातात.
परीक्षा झाली की मे महिन्यात
सगळ्या गल्लीत एक ताट वाजत नाही,
मी तवा घासून उलटा ठेवते, जून उजाडेपर्यंत.
मी पोराला विचारलं, "मे महिन्यात हप्त्याला सुट्टी असते का?"
तो हसला.
मी कॉफी पूर्ण प्याले, आणि आले.

धाकटे दीर, बालाजी भाऊजी, त्यांनी मात्र घेतली.
चॉकलेटी रंग, वर कापडाची खोळ,
पोरांना हात लावू देत नाहीत.
माणूस चांगला आहे.
फक्त पाच तारखेला फोन वाजला
की घास हातात ठेवून आधी स्क्रीन बघतात,
आणि जाऊबाई आमटी वाढायची थांबतात.

माझी गाडी दुसऱ्याच आठवड्यात रेणापूर नाक्यावर बसली.
आत ऐंशी डबे, डोक्यावर बाराचं ऊन.
क्लास सुटलेल्या पोरांनी ढकलली.
एकजण ओरडला, "काकू, ब्रेकवरचा पाय काढा!"
खरंच, पाय ब्रेकवर होता.
खय्यूमभाईंनी खाली वाकून पाहिलं,
म्हणाले, "भाभी, इंजन सोना है,
बाकी सब भंगार."
चार हजार दोनशे लागले.
मी मुकाट्यानं दिले, रात्री यांच्यावर चिडले,
त्या महिन्यात मिक्सर तसाच राहिला, आवाज करत.
पण पुढच्या महिन्यात
खय्यूमभाई दिसले
तर मीच त्यांना हाक मारली.

कागद नावावर करायला आरटीओत गेले.
बाबू स्क्रीनकडं बघत पुटपुटत होते,
चेसिस, इंजिन, मालकाचं नाव:
महादेवी विश्वंभर बिडवे.
आयुष्यात माझ्या नावावर
गॅसचं पुस्तक सोडून पहिल्यांदाच काही आलं.
"बोजा..." ते थांबले.
माझ्या पोटात गोळा आला.
"निरंक."
"म्हणजे काय वो साहेब?"
"म्हणजे काही नाही, बाई."
"काहीच नाही?"
"काहीच नाही. पुढचा कोण?"

येताना गंज गोलाईला एक पूर्ण चक्कर मारली,
काही काम नसताना.
पेट्रोल जळत होतं, जळू दिलं.
घरापुढं गाडी लावली.
काच खाली केली, हात बाहेर घातला,
दार उघडलं,
आणि गाडीतून
फक्त मी उतरले.