भुताची उलटी चादर

भूत आलं, तशी मी चादर ओळखली.
लाल मोराची, पण उलटी पांघरलेली,
म्हणून पाठीवरचा मोर पांढरा,
आणि काठाजवळ दोन बोटं सूत सुटलेलं.
ती खोड तेरा नंबरच्या मागाची.
खराब माल म्हणून शेठने मला दिवाळीत दिली होती,
बोनसमध्ये धरून.
म्हणजे चादर माझ्या घरातली
आणि बायकोने मला न विचारता दिलेली.

तसाही मी लवकर घाबरत नाही.
एकतीस वर्षं खडखडाटात गेली,
बारीक आवाज कानाने कधीच सोडले:
पैंजण, दाराची करकर, ते ताणलेलं व्हायोलिन.
लोक खुर्चीतून उडतात
तेव्हा मी शेजाऱ्याला विचारतो, काय झालं?
दिसतं तेवढ्यावरच माझं मत.

आणि मत असं, की महागडी भुतं मला पटत नाहीत.
शंभर पोरांनी कंप्युटरवर केस न् केस विंचरलेला,
पण चालली तर धूळ उडत नाही.
धूळ तरी उडव की, बाई.
स्वस्तातलं भूत जिना चढून दमतं.
एकीच्या दंडावर देवीच्या लसीचा वण दिसला होता,
त्या रात्री मला झोप नाही.
कुणीतरी हिला लहानपणी रांगेत उभी करून
टोचून घरी आणली होती.

एका सिनेमात अमावास्येच्या रात्री
बाभळीची लख्ख सावली पडलेली.
दिवसा काढून निळा कागद लावलेला.
थेटर हसलं.
मी नाही हसलो.
मे महिन्यात दुपारी दोनला कन्ना चौकात उभं राहून बघा:
शटर खाली, कुत्रं गटारात, सावली टाचेखाली दाबलेली.
यायचं असेल तर ते आमच्याकडे
याच वेळेला येईल.

माफ करत नाही ते एकच.
शेवटी चष्मेवाला डॉक्टर येतो
आणि सगळं समजावून सांगतो.

तर हा सिनेमा म्याकलांच्या नरहरीचा.
चौतीस हजारांत, बंद मिलच्या शेडमध्ये.
दाखवला समाजाच्या कार्यालयात,
लग्नाची शूटिंग करणाऱ्याचा प्रोजेक्टर,
प्लॅस्टिकच्या खुर्च्या, वर पंखे नुसतेच फिरणारे.
भूत झाली होती त्याची राजमणी आत्या.
अर्ध्यानंतर भूत आलंच नाही.
लोक विचारायला लागले, गेलं कुठं बे?
नरहरी म्हणाला,
आत्याला गुरुवारी हजार विड्या द्यायच्या होत्या की ओ.

हशा झाला. मीही हसलो.
पण सिनेमातली माणसं बिचारी
उरलेला पाऊण तास दाराकडे बघत बसली होती,
आणि दारात कोणी नव्हतं.
भोंगा बंद झाल्यावर आमचे वडील असे बसायचे.
पहाटे पावणेसहाला, डबा मांडीवर घेऊन,
डब्यात काही नसायचं.

मग एका जागी माईक बिघडला होता.
रिकामी शेड, खांबांच्या ओळी,
जमिनीत माग उपटल्याची चौकोनी भोकं,
आणि आवाज काहीच नाही. दोन मिनिटं.
मागून पोरं ओरडली, आवाज! आवाज!
मी शेजारच्या अंबादासकडे बघितलं.
तोही मागावरचाच, माझ्याइतकाच बहिरा.
त्याने दोन्ही हात कानांवर दाबून धरले होते.

मला काय ऐकू आलं ते सांगत नाही.
हजार मिनिटांचं संगीत विकत घ्या,
ते तुम्हाला मिळणार नाही.

दुसऱ्या दिवशी नरहरी चादर परत द्यायला आला.
धुतलेली, घडी घातलेली, पांढरा मोर वर.
विचारलं त्याने, कसा वाटला?
म्हटलं, पुढच्या वेळी पैसे आले
तर ते दार तेवढं उघडू नको.

रात्री बायको म्हणाली,
काय करूलालाव हो, उलटी घेतलीय, सुलटी करा.
राहू दे म्हटलं.
ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली
आणि मग तिने दिवा
चालूच ठेवला.