जून

विक्रोळीला, एकशे सहा नंबरच्या मागे,
आमच्या मोरीपासून गटाराच्या कठड्यापर्यंत
नऊ पावलं जागा.
तिला माती म्हणायचं ते भिडेखातर.
खणलं की आधी फरशीचे तुकडे,
मग कुणाचा तरी दंतमंजनाचा डबा,
मग खाडीचा पांढरा खार.
तबेल्यातून चार पोती शेणखत आणलं,
रिक्षावाला सबंध रस्ता नाकाला रुमाल लावून.

वैशाखात इथे काय टिकतं
ते आता मला पाठ आहे.
टोमॅटो फुलतो आणि फुलं गाळून मोकळा होतो.
मिरचीला चुरडामुरडा.
कोथिंबीर चार दिवस दिसते, पाचव्या दिवशी काड्या.
गवार तेवढी निगरगट्ट,
दुपारी दोनच्या उन्हातही ताठ, मुख्याध्यापिकेसारखी.
तांदूळ धुतलेलं पाणी तिला, डाळीचं मायाळूला,
भांड्यांचं कुणालाच नाही.

दुधी मी लावलाच नव्हता धड.
बी सांडलं ते नेमकं
वरच्या पागधरेबाईंच्या एसीखाली,
जिथे रात्रभर टिपटिप.

या टिपटिपीवरूनच
आमचं दोन वर्षं बोलणं बंद.
माझी वाळत घातलेली चादर, त्यांचा प्लंबर,
सोसायटीच्या वहीत दोन्हीकडच्या सह्या,
आणि मी जिन्यात बोलले ते एक वाक्य,
जे इथेही लिहीत नाही.

वेलाला यातलं काही सांगितलं नव्हतं.
तो ते पाणी प्याला,
पाइप धरून चढला,
माझी खिडकी ओलांडली
आणि तणावे टाकून
त्यांच्या ग्रिलला जाऊन बिलगला.

संध्याकाळी सातला पांढरी फुलं उघडायची.
मधमाशी नाही. एक भुंगा होता,
तो जिन्यातल्या ट्यूबलाइटच्या नादी.
पाठीशी बोटभर दुधी घेऊन आलेली फुलं
दोन दिवसांनी पिवळी होऊन खाली.
मी स्टुलावर चढून, नर फूल हातात घेऊन,
पोचेल तिथवर टेकवत होते.
गुडघा म्हणाला, इथपर्यंतच.
त्यावरची फुलं माझी नव्हेत, असं मीही ठरवलं.

एका रात्री वर बांगडी वाजली.
मोबाइलचा उजेड,
ग्रिलमधून कोपरापर्यंत बाहेर आलेला हात,
पाकळ्या सोललेलं नर फूल,
आणि ते त्या दुसऱ्या फुलाला,
दुसऱ्याच्या बाळाला औषधाचा थेंब पाजावा
इतक्या हळू.

मी दिवा लावला नाही.
स्टुलावरून उतरले,
स्टूल न वाजवता.

धरला.
देठ त्यांच्या ग्रिलशी,
बूड माझ्या छज्ज्यावर टेकलेलं.
वीतभर झाला, हातभर झाला.
विळी दोन्ही घरांत होती.
मी म्हटलं, हात त्यांचा.
त्यांनी म्हटलं असेल, मूळ हिचं.
लव झडली, रंग उतरला,
रोज सकाळी खिडकीतून मी नख लावून बघायची.
एकदा वर, देठाजवळ,
दुसऱ्या कुणाच्या नखाची खूण दिसली.
पुढे माझं नख रुतेना.
त्यांचंही रुतलं नसणार.

मे संपता संपता, मी कपडे काढत असताना,
वरून आवाज:
"जून झाला हो.
आता बियाण्यालाच ठेवा."

मी लगेच वर बघितलं नाही.
चिमटे मोजले. अकरा होते.
एक मायाळूत पडला होता, तो उचलला.
मग म्हटलं,
"देठ तुमच्याकडे आहे.
तुम्हीच उतरवा,
मी खाली पदर धरते."