कोऱ्या पानावरचे वळ

गिरेसुनमध्ये, बंदराकडून चढणाऱ्या गल्लीत आमचं दुकान होतं.
मसूर, साबण, रॉकेल, खारवलेले मासे,
आणि गल्ल्याखाली लाल बांधणीची उधारीची वही.

रमजान संपायला चार दिवस असताना एक माणूस आला.
राखाडी रेनकोट, बाहेरगावची बोली.
म्हणाला, ‘वही आहे?’
कसली, असं बाबांनी विचारलं नाही.
‘शेवटची सात पानं. बेरीज सांगा.
नावं नकोत.’

बाबांनी दोनदा बेरीज केली.
त्यानं नोटा मोजल्या, बाबांनी पानं फाडली.
तेवढा आवाज ऐकला आणि तो गेला.
रोजा होता, चहासुद्धा विचारता आला नाही.

मी तेव्हा नऊ वर्षांची.
बाबा बॉलपेन दाबून लिहायचे,
पानं गेली तरी खालच्या कोऱ्या पानावर वळ उठले होते.
पेन्सिल आडवी धरून मी ते हळूहळू काळं करत गेले
आणि पांढऱ्या अक्षरांत वर आलं:
मुझेय्येन. दुधाची भुकटी, दोन डबे. बुलगुर. पुन्हा भुकटी.

बाबांनी पाहिलं. ओरडले नाहीत.
तेही पान फाडून शेगडीत घातलं
आणि माझी बोटं स्वतः धुतली साबणानं, नखांपर्यंत,
जणू मी कुणाच्या घरात
न विचारता शिरून आले होते.

हेझलनटची तोडणी उरकली तशी मुझेय्येन आली,
रुमालाच्या गाठीत मजुरी, बोटं टरफलांनी काळवंडलेली.
‘माझं काढ, शेवकेत.’
‘तुझं काही नाही.’
‘खाल्लंय तर खरं. मग नाही कसं?’
बाबा वजनं पुसत राहिले.
‘कोण होता?’
‘माहीत नाही.’
‘मग दुवा कुणाच्या नावानं मागू?’
ती चिडली होती. उपकारानं माणूस चिडतो,
हे मला फार उशिरा कळलं.

बराच वेळ ती तराजूकडे बघत उभी.
मग म्हणाली, ‘कुणाचं राहिलंय?’
बाबांनी वही उघडली, नावावर तळवा ठेवला
आणि फक्त आकडा दाखवला.
तिनं गाठ सोडली. निम्मा फिटला.

आता मी इस्तंबूलला, एका धर्मादाय संस्थेत.
इस्पितळाच्या भिंतीवर देणगीदारांची नावं कोरतात,
मी शुद्धलेखन तपासते.
रकमेप्रमाणे अक्षरांची उंची ठरते, सेंटिमीटरमध्ये.
वाईट माणसं नाहीत ती. खाटा भरलेल्या असतात,
औषधं वेळेवर येतात.
तरी कधी एखाद्या नावावर माझा तळवा
आपसूक जातो. संगमरवर गार लागतो.

तर मुझेय्येन.
दारापर्यंत गेली, परत आली, रुमाल मोकळाच हातात.
‘पाव किलो चहा दे,’ म्हणाली. ‘लिहून ठेव.’

बाबांनी नवं पान उघडलं.
या वेळी पेन जरा हलकं धरलं.