किंचित

खैरानी रोडला भंगाराच्या तीन दुकानांनंतर आमचा गाळा.
पाटीवरच्या 'स्प्रिंग'चा अनुस्वार केव्हाच गळून पडलाय,
टेम्पोवाले तरी बरोबर येतात.

वडिलांच्या वेळी एकच नग: बॉलपेनची स्प्रिंग,
महिन्याला दोन लाख.
मशीन एकदा लावलं की दिवाळीलाच थांबायचं.
आता ऑर्डर येते मोबाईलवर, रात्री साडेअकराला:
तीनशे नग, डावा पीळ, परवा.
तिच्या पाठोपाठ दुसरी: चाळीस नग, टोकं घासलेली,
ड्रॉइंग बदललंय, जुनं फाडा.

"लवचिक व्हा," सेमिनारमधले गृहस्थ सांगून गेले,
स्प्रिंग बनवणाऱ्याला.
मी मान डोलावली. चहाबरोबर खारी चांगली होती.

मग कर्ज काढलं. मशीनला सेन्सर,
भिंतीवर पडदा, पडद्यावर हिरवे-तांबडे चौकोन,
आणि जरीमरीची अफसाना, आयटीआय झालेली,
टॅब हजेरीपुस्तकासारखा छातीशी धरून.
पहिल्याच दिवशी तिने विचारलं,
"सेटिंगचे आकडे कुठे आहेत?"

आकडे बस्त्यावकडे.
मरोळ गावठाणातला बस्त्याव, एकतीस वर्षं याच मशीनवर,
खिशात वही, वहीला सायकलच्या ट्यूबचा रबर.
अफसानाने वही उघडली.
तार, व्यास, वेटोळी, सगळं मोत्यासारख्या अक्षरात,
आणि शेवटच्या रकान्यात, पानामागून पान,
किंचित लांब.
किंचित सैल.
जेवणानंतर किंचित मागे.

"अंकल, इथे शब्द चालत नाही. आकडाच लागतो."
"मग रकाना बदल," बस्त्याव म्हणाला.

तीन आठवडे शिफ्ट सुटल्यावर दोघं बसायची.
त्याने बोटांनी फिरवायचं, तिने व्हर्नियर लावायचा,
मी उगाच पावत्या लावत थांबायचो.
निघाली तीन किंचितं.

एक भट्टीचं: तापली की स्प्रिंग आखडते,
म्हणून आधीच जरा लांब सोडायची.
दुसरं तारेचं: बंडल संपत आलं की आतल्या वेढ्यांना
जुना बाक असतो, तो आधी मोडावा लागतो.
तिसऱ्यापाशी बस्त्याव बराच वेळ थांबला.
"ते मशीनचं नाही," म्हणाला, "माझं.
दुपारी डोळा जड होतो ना, त्याचं."
अफसानाने तिथे शून्य भरलं
आणि टॅब पालथा ठेवला.

पूर्वी नग बदलायला अर्धा दिवस जायचा,
आता पंचवीस मिनिटं.
रात्री साडेअकराला मी अंथरुणातूनच लिहितो: होईल.
बायको म्हणते, दिवा तरी लावा.

एका शनिवारी बस्त्यावने रजा मागितली,
नातीच्या कम्युनियनसाठी.
आजवर रजा घ्यायचा तो तापाने नाहीतर प्रेताने.
मी दिवसभर मशीनशेजारी उभा राहिलो, कान देऊन.
सगळे चौकोन हिरवे.
एक नग वाया गेला नाही.
हे मी त्याला सांगितलं नाही.
सोमवारी त्याने विचारलंही नाही,
पडद्याकडे एकदा पाहिलं, चष्मा पुसला,
आणि नातीच्या केकचा तुकडा
वहीच्या कागदात गुंडाळलेला
अफसानाच्या टेबलावर ठेवला.
कागदावर काय लिहिलं होतं
ते तेलाने पुसलं गेलं होतं.

आमच्यात स्प्रिंग तपासतात अशी:
तीनदा पूर्ण दाबायची, सोडायची, मोजायची.
मूळ लांबीला परत आली तर पोलादाला पाणी आहे.
नाही आली तर तिने सेट घेतला म्हणायचं
आणि वेगळ्या डब्यात टाकायची.

काल हप्त्याचा मेसेज आला.
तो वाचून मी खुर्चीत टेकलो तेव्हा
बस्त्याव लांबूनच म्हणाला,
"शेठ, किंचित आखूड झालात."

अफसानाने मान वर न करता विचारलं,
"कितवं किंचित?"