उजवं वळण

नायरी म्हणते, इंजिन तापून मरत नाही,
तहानेनं मरतं.
आणि तेही भरल्या घरात.

तिमारूच्या बाहेर, मॅक्रोकार्पाच्या उंच कुंपणामागे
तिची पत्र्याची शेड.
आत एकोणीसशे बासष्टची हिरवी रोडस्टर,
चाकांऐवजी चार ओंडके, इंजिन वर टांगलेलं, पोट उघडं.
मी फक्त दिवा धरायला येतो, गुरुवारी,
दूध काढून झाल्यावर.

खिडकीत, थंड झालेल्या चहाशेजारी,
बेअरिंगची एक वाटी:
करडी, गुळगुळीत असायला हवी
तिथे तांबं उघडं पडलेलं,
खरचटल्या गुडघ्यासारखं.
"तीन नंबरची," ती म्हणते.
आणि पुढचं मला पाठ असूनही मी ऐकतो.

डेस त्या लांबलचक उजव्या वळणात शिरायचा
चौथ्या गिअरमध्ये, पाय न उचलता.
सात सेकंद. कुंपणापाशी उभं राहून तिनं मोजलेत.
तेवढ्यात संपमधलं सगळं तेल
कुत्र्यानं हाकललेल्या मेंढ्यांसारखं
डाव्या भिंतीला जाऊन चिकटायचं,
थोडं वर झाकणातच अडकून राहायचं,
आणि पंपाची नळी
हवा ओढत बसायची,
संपलेल्या सरबतात पोरानं स्ट्रॉ ओढावा तशी.
काटा साठावरून दहावर.
वळण संपलं की पुन्हा साठ,
जणू आपण त्या गावचेच नाही.

तो म्हणायचा, मीटर म्हातारं आहे, नाचतं.
एका फेब्रुवारीत त्यानं काट्यावर
काळी चिकटपट्टी लावली.
तीन शर्यती.
चौथीत एक ठोका ऐकू आला, स्टँडपर्यंत.

मग पुढची वर्षं डेसचीच गेली. गाडीचं कोण बघणार.

परवा तिनं पट्टी सोलली, नखानं, हळूहळू.
काचेवर डिंकाचा चौकोन राहिलाय, तो राहू दे म्हणाली.

तेल जास्त भरलं तर? मी विचारलं.
अर्धा लिटर, तिनं सांगितलं, त्याच्या वर एक थेंब नाही.
क्रँक त्यात हात घालतो, ताक घुसळावं तसं घुसळतो,
आणि फेसानं कुणाची तहान भागलीय?

म्हणून पत्रा कापला.
नळीभोवती चौकट, चार बाजूंना चार दारं,
प्रत्येकाला बिजागरी, करंगळीएवढी.
आत ढकललं की उघडतं, बाहेर ढकललं की मिटतं.
हे तिला मेंढ्यांच्या वाड्यात सुचलं,
लोकर कातरायच्या दिवशी, फाटकावर बसून:
आलेल्याला येऊ द्यायचं, गेलेल्याला जाऊ द्यायचं नाही.
(असं फाटक आणखी कुठे कुठे हवं होतं,
हे ती बोलली नाही. मी दिवा जरा खाली घेतला.)

रविवारी गाडी नातीनं चालवली. ब्रायडी, वय बावीस,
हेल्मेटमधून वेणी बाहेर.
नायरीनं तिला एकच गोष्ट बजावली:
रस्ता बघू नकोस असं नाही,
पण त्या सात सेकंदांत
डोळ्यात तेल घालून काटा बघ.
इंजिनात आम्ही घातलंय.

वायव्येचा गरम वारा सुटलेला.
दूरच्या डोंगरांवर कमानीसारखा ढग.
गाडी उजवीकडे कलली आणि नायरीनं,
सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईनं,
श्वास धरला. मीही मोजले.
पाच. सहा.

ब्रायडी आली, हेल्मेट काढलं, हसून म्हणाली,
"एक मिनिट एकोणीस!"
"काटा?"
"पन्नासला टेकला. खाली नाही."

नायरीनं मान हलवली. बॉनेटवर तळहात ठेवला,
बराच वेळ, तापलेला असूनही.
मग खिशातून चिंधी काढून हात पुसत म्हणाली,
"उतारावर ब्रेक मारल्यावर सगळं पुढे येतं.
ते अजून बघायचंय."