निरीक्षक

क्षेमकल्याणी सर नाशकात आले तेव्हा
गुरू सिंह राशीत होता.
लोक गोदेत बुड्या मारत होते,
सर पदार्थविज्ञानाच्या रिकाम्या कपाटाला
कुलूप शोधत होते.

मी सुकदेव पगारे, प्रयोगशाळा परिचर.
बीकर धुणे, सांडलेल्या पाऱ्याचे मणी गोळा करणे,
आणि रात्री, ज्याचा पगार नव्हता, ते सगळं.

आरसा त्यांनी जिन्याखाली घासला,
सात महिने, पिंपाभोवती गोल गोल फिरत.
पोरं म्हणाली, सरांनी घाणा घातलाय.
नळी तांबट लेनमध्ये ठोकून घेतली.
रखमाजीने विचारलं, ‘बंब का?’
‘हो. पण याच्यात वरून पडतं.’
त्याने सवयीने तोटीचं भोक ठेवलंच.
ते मी लाखेनं बुजवलं.

तिमिंगलातला एक तारा
अकरा महिन्यांनी उजळतो, मग विझत जातो.
सर गच्चीवर डोळा लावून प्रत सांगत,
मी लाल कागद गुंडाळलेल्या बॅटरीत लिही :
तीन पूर्णांक चार. वेळ. ढग. निरीक्षक.
आकडा मोठा तितका तारा फिका,
माझ्या वर्गातल्या नंबरासारखंच,
म्हणून चटकन कळलं.

वर्षाला परदेशातून एक कार्ड येई :
नोंदी मिळाल्या, आभारी आहोत.
बढतीच्या अर्जाला ती कार्डं का जोडत नाही, विचारलं,
तर म्हणाले, ‘तिथं रकाना नाही.’

तिसऱ्या सिंहस्थाला घाटावर पाऱ्याचे दिवे लागले.
सरांनी पंधरा दिवस नगरपालिकेला शिव्या घातल्या.
मग द्राक्षांच्या टेम्पोतून
दुर्बीण रामशेजच्या पायथ्याशी नेली.
तिथं अंधार होता.
मला आकाशगंगा दिसत होती.
सरांना नाही.

बराच वेळ दूर कुठे तरी
पाण्याचं इंजिन चालू होतं.
‘पगारे,’ ते म्हणाले, ‘तू सांग. मी लिहितो.’

त्यानंतर टपाल आणायला
सर स्वतः जाऊ लागले.

गुरू पुन्हा सिंहेत आला, सर निवृत्त झाले.
जडवस्तूंच्या यादीत दुर्बीण कुठेच नव्हती,
ती आणि वह्या माझ्या घरी आल्या.
शेवटच्या वहीत सुतळीनं बांधलेली कार्डं,
बारा, परदेशी तिकिटांची.
पत्ता कॉलेजचा.
नाव : प्रोफेसर एस. पगारे.

बायकोला दाखवलं. ती म्हणाली,
‘कुणाचं तरी चुकून आलंय.’

काल ढग होते.
तेवढंच लिहिलं. वेळ, नऊ वाजून दहा.